कॅफे रेसर करायचीय आणि मेकॅनिकचं कामही शिकायचंय: सुरुवात कुठून करावी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकच्या शिक्षणाचं पहिलंच वर्ष आहे, हाताशी कार्ब्युरेटरची जुनी १५० सीसी गाडी आहे, रोजचं जाणं-येणं तिच्यावरच होतं आणि तिचीच कॅफे रेसर (पुढे झुकून चालवायची, एकट्याच्या सीटची हलकी गाडी) करायची आहे. क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या पाइपांवर आवळायचे दोन आखूड तुकडे), उघडा एअर फिल्टर, आखूड सायलेन्सर, मागे जाड टायर आणि मागची चासी कापून एकट्याचं सीट, ही तुझी यादी. यातलं आधी काय करू आणि स्वतःच्या हाताने किती करू, असं तू विचारलं आहेस.

सगळ्यात आधी गाडी पूर्णपणे मूळ मापावर आण. त्यानंतर एका वेळी एकच बदल कर, तो काही दिवस चालवून बघ, वहीत लिही आणि मगच पुढच्या कामाला हात घाल. वर्कशॉपमध्ये गिऱ्हाईक येतं आणि ‘गाडी कशीतरीच वाटते’ एवढंच सांगतं. त्याला काय जाणवलं हे मेकॅनिकला अंदाजाने ताडावं लागतं. तुझ्या बाबतीत पाना फिरवणारा आणि रस्त्यावर फरक जाणवणारा माणूस एकच आहे. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नाही. चार बदल एकदम केलेस की ही सोय हातची जाते. गाडी मधेच अडखळली तर दोष फिल्टरचा, सायलेन्सरचा की केबल ताणल्याचा, हे तुलाही सांगता येणार नाही.

मूळ मापावर आणायची म्हणजे धुऊनपुसून ऑइल बदलायचं, एवढंच नाही. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळव आणि इंजिन गार असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागातला, गॅप मोज. बऱ्याच छोट्या इंजिनांत इनटेकचा गॅप ०.०५ ते ०.१० मिमीच्या घरात असतो, पण तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघायचा. पुढचं चाक वर उचलून हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे ने. अगदी मधोमध आल्यावर ते खाचेत पडल्यासारखं अडकलं, तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला आहे. ही खाच राहू देऊन वर क्लिप-ऑन बसवलेस, तर सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी भटकायला लागेल आणि तू उगाच नव्या हँडलला दोष देशील. फोर्क खालून धरून पुढे-मागे हलव, म्हणजे कोन सेटचा प्ले (ढिलेपणा) कळेल. चाक आडवं हलवून बेअरिंग बघ. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागच्या टोकाला बोटांनी ओढून बघ. अर्धा दात उघडा पडण्याइतकी ती सुटत असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायची. ब्रेक ऑइल किती जुनं आहे ठाऊक नसेल तर सरळ बदल. डॉट ३ आणि डॉट ४ हवेतला ओलावा शोषतात, त्याने त्यांचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर लिव्हर मऊ पडतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळायचं नाही.

आता हत्यारांबद्दल. पहिलं चांगलं हत्यार घ्यायचं तर टॉर्क पाना घे. साध्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, ८ मिमीच्या बोल्टला साधारण २५. आता हिशोब कर: २० सेंटिमीटर लांबीचा पाना तू १० किलोच्या जोराने ओढलास, तर बोल्टवर जवळपास २० न्यूटन-मीटर पडतात. म्हणजे ६ मिमीच्या बोल्टला हवे त्याच्या दुप्पट, आणि आपण जोर लावला असं हाताला वाटतही नाही. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे असेच जातात. आट्यांना ऑइल लागलं असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात ठेव. मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑइल लावलेल्या, ते बघून घ्यायचं. टॉर्क पाना वापरता वापरता हाताला अंदाज येतो. उलट क्रमाने तो येत नाही.

गाडी मापावर आली की ती नीट चालव आणि दोषाची जागा अंगाने ओळखायला शीक. कंपन येत असेल तर ते गाडीच्या वेगाबरोबर बदलतं की इंजिनाच्या आरपीएमबरोबर, हे आधी ठरव. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर कंपन सुरू झालं की क्लच दाब आणि ॲक्सिलरेटर सोड. कंपन तसंच राहिलं तर चाक, टायर किंवा बेअरिंग बघायचं. ते लगेच गेलं तर इंजिन, त्याची माउंटिंग किंवा चेनवर ताण आल्यावरच दिसणारा दोष. वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दिला आणि आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतो आहे. अशा वेळी क्लच प्लेट काढण्याआधी ऑइल कोणतं भरलं आहे ते विचारायचं. ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच फिरणाऱ्या, क्लचच्या गाडीला जासो एमए दर्जाचं ऑइल लागतं (डब्यावर तसं छापलेलं असतं). घर्षण कमी करणारे घटक असलेलं कारचं ऑइल घातलं की चांगला क्लचही घसरू शकतो. या सवयी तुला आयुष्यभर पुरतील, कारण गिऱ्हाइकाची गाडी खोलण्याआधी एक चक्कर मारून अर्धं निदान करणारा मेकॅनिक फार कमी वेळा चुकीचा भाग बदलतो.

आता तुझी यादी. कॅफे रेसर ही पद्धत ब्रिटनमध्ये १९५० आणि ६०च्या दशकांत रुजली आणि त्या काळची सगळ्यात गाजलेली जोडणी ट्रायटन: नॉर्टनची फेदरबेड फ्रेम आणि तिच्यात ट्रायम्फचं ट्विन इंजिन. फ्रेम नॉर्टनची घेतली कारण वळणावर ती ठाम राहायची, इंजिन ट्रायम्फचं घेतलं कारण त्यात जोर होता आणि ते सहज मिळायचं. प्रत्येक बदलाला चालवण्यातलं एक कारण होतं. तूही यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे असं कारण लिही. काहींपुढे ‘दिसायला आवडतं’ एवढंच लिहावं लागेल. तेही चालेल, फक्त त्या गोष्टी शेवटी घ्यायच्या.

क्लिप-ऑनपासून सुरुवात केलीस तर मला आवडेल, कारण त्यात भूमिती, केबल आणि ब्रेक हे तिन्ही शिकायला मिळतात. पण एक गोष्ट नीट समजून घे. क्लिप-ऑन फोर्कच्या पाइपांवर बसतात. ते वरच्या टीच्या (फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या आडव्या पट्टीच्या) वर बसवायचे म्हणून लोक फोर्कचे पाइप टीमधून वर सरकवतात, म्हणजेच गाडीचं नाक खाली येतं. हँडल ज्या अक्षावर फिरतं ती रेघ जमिनीपर्यंत नेली, तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे ती टेकते. या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि गाडी सरळ रस्त्यावर आपोआप सरळ राहते ती मुख्यतः त्याच्या जोरावर. समजा गाडीचा रेक, म्हणजे त्या अक्षाचा उभ्या रेषेशी कोन, २६ अंश आहे, चाकाची त्रिज्या ३०० मिमी आणि टीचा ऑफसेट (फोर्क त्या अक्षाच्या जितका पुढे असतो ते अंतर) ४० मिमी. मग ट्रेल साधारण १०२ मिमी येतो. व्हीलबेस १,३०० मिमी असेल आणि तू पाइप २५ मिमी वर सरकवलेस, तर रेक साधारण १ अंशाने घटतो आणि ट्रेल साधारण ९६ मिमीपर्यंत उतरतो. गाडी वळायला चपळ होते, पण खराब रस्त्यावर वेगात हँडल थरथरण्याची शक्यता वाढते. त्यात पुढचा मडगार्ड आणि खालची टी यांच्यातली जागाही तेवढ्या २५ मिमीने कमी होते. फोर्क पूर्ण दबल्यावर काय कशाला घासतं, ते बघितल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. म्हणून क्लिप-ऑन टीच्या खाली बसतात का, ते आधी बघ. पाइप सरकवावेच लागले तर थोडेच सरकव, आणि दोन्ही बाजूंचं अंतर व्हर्नियरने मोजून अगदी सारखं ठेव. नाहीतर पुढचा ॲक्सल तिरका बसतो आणि फोर्क अडखळत चालतो.

हँडल बसल्यावर एक तपासणी कधीही चुकवू नकोस. इंजिन चालू करून न्यूट्रलला स्थिर आयडलवर ठेव आणि हँडल टोकापर्यंत डावीकडे, मग टोकापर्यंत उजवीकडे वळव. आवाज जराही चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते आहे. असंच वळवलेलं असताना रस्त्यावर काय होईल, याचा विचार कर: तू गर्दीतून हळू वळतो आहेस आणि गाडी स्वतःच पळायला लागते. केबलचा मार्ग बदल किंवा योग्य लांबीची केबल घे. ब्रेकचा होजही दोन्ही टोकांना बघ. तो ताणलेला नको, पिळलेला नको, टी आणि टाकीच्या मधे चिमटलेला नको. हँडल वळवल्यावर बोटं टाकीला लागत असतील तर स्टॉप बदलावा लागतो, आणि त्याने वळणाची त्रिज्या वाढते. रोज गर्दीत गाडी चालवायची असेल तर हे आधीच मोजून घे.

मनगटांवर भार येतो म्हणून मग फूटरेस्ट मागे घ्यावेसे वाटतात. ते केलंस तर मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड आणि लिंक बदलावी लागते. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना ड्रमवरची आर्म आणि रॉड यांच्यात साधारण काटकोन असला पाहिजे. तिथे जोर सगळ्यात चांगला लागतो. हे काम झालं की पहिली चक्कर मारण्याआधी तुझ्या उस्तादांना किंवा शिक्षकांना एकदा सगळं दाखव. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम पहिल्या वर्षात स्वतः जरूर कर, पण दुसऱ्या जाणत्या नजरेखालून गेल्याशिवाय ते रस्त्यावर नेऊ नकोस. यात कमीपणा नाही. जिथे जीव अवलंबून असतो तिथे मुरलेले मेकॅनिकही दुसऱ्याला तपासायला सांगतात.

उघडा फिल्टर आणि सायलेन्सर. ताकद वाढेल या आशेने सगळेच इथून सुरुवात करतात आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मूळ एअर बॉक्स म्हणजे धूळ अडवायचा डबा, एवढाच त्याचा उपयोग नाही. तो कार्ब्युरेटरला शांत, स्थिर हवा पुरवतो. तुझा कार्ब्युरेटर व्हॅक्यूम प्रकारचा असेल, तर त्यातली स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) केबलने उचलली जात नाही. डायफ्रामच्या (रबरी पडद्याच्या) वर-खाली दाबाचा जो फरक पडतो त्याने ती उचलली जाते. एअर बॉक्स काढून पॉड, म्हणजे उघडा, फिल्टर लावला की हा दाब डळमळतो आणि मधल्या ॲक्सिलरेटरवर गाडी गुदमरते. आणखी एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आत बारीक भोकं असतात: एक डायफ्रामखाली हवा नेणारं, बाकीची एअर जेटची. पॉडच्या रबराची कड आतून जाड असली तर ती नेमकी या भोकांवर बसते. मग माणूस जेट बदलत बसतो आणि दोष रबराच्या कडेत असतो. पॉड लावण्याआधी रबराच्या आतल्या बाजूला थोडं ग्रीस लाव, बसव, काढ आणि ग्रीसचा ठसा कुठे उमटला ते बघ.

जेटिंग, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या जेटांची जुळणी, शिकायचंच असेल तर ॲक्सिलरेटरच्या ग्रिपवर चिकटपट्टीचा तुकडा लाव, शेजारच्या स्विचच्या डब्यावर एक रेघ मार आणि पट्टीवर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कर. बंदपासून पावापर्यंत मुख्यतः पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, पावापासून पाऊणपर्यंत नीडल (स्लाइडमधली सुई), त्यापुढे मेन जेट. नीडलची क्लिप खालच्या खाचेत टाकली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. आता गाडी कुठे अडखळते ते आरपीएमवरून सांगू नकोस, पट्टीवरच्या खुणेवरून सांग. अर्ध्यावर अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून काहीच मिळत नाही, तरी लोक तोच बदलतात कारण तो काढायला सोपा असतो. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असल्याची लक्षणं म्हणजे एकसारख्या ॲक्सिलरेटरवर गाडी हिसके देत पुढे-मागे होणं, चोक थोडा ओढल्यावर बरी चालणं, इंजिन जास्त तापणं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज आला तर लगेच जेट बदलू नकोस. आधी हेड आणि बेंड पाइपच्या मधलं गॅस्केट गळतंय का ते बघ.

माझं स्पष्ट मत सांगतो: रोजच्या गाडीला एअर बॉक्स तसाच राहू दे. १५० सीसी इंजिनात पॉडने मिळणारा फायदा नावापुरता, आणि पावसात-धुळीत होणारं नुकसान खरं. सायलेन्सर बदल, पण बॅफल (आतली आवाज दाबणारी नळी) काढून टाकलेला नको. आवाजाबद्दल आणि गाडीच्या बांधणीत केलेल्या बदलांबद्दल तुझ्या भागात काय नियम आहेत, ते आधी वाचून घे. नंतर सगळं उलटं करत बसण्यापेक्षा ते बरं. पुढेमागे फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हाताखाली येतील तेव्हा सायलेन्सरसोबत ऑक्सिजन सेन्सर कुठे आहे हेही बघावं लागेल.

ताकदच हवी असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करून बघ. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील तर गुणोत्तर ३.०० होतं, पुढे १३ केलेस की ते ३.२३ होतं. मागे ४५ केलेस तरी ३.२१च येतं, म्हणजे पुढचा एक दात मागच्या जवळपास तीन दातांच्या बरोबरीचा. गाडी सुटायला हलकी होते, वरच्या वेगाला इंजिन जास्त फिरतं. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येत असेल तर आकडा खरा राहतो, गिअरबॉक्सकडून येत असेल तर बदलतो. एका संध्याकाळचं काम आहे, पुन्हा मूळ स्थितीत आणता येतं आणि फरक पहिल्याच सिग्नलला कळतो.

जाड टायर लावू नकोस. २.१५ इंचाच्या रिमवर १३०चा टायर ओढून बसवला तर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि त्याचा माथा टोकदार होतो. त्याला साधारण ३.५ इंचाची रिम लागते. शिवाय तो चेनला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला) घासू शकतो. मूळ मापाचा चांगला, ताजा टायर घे. बाजूला चार अंकी तारीख असते: २३१९ असेल तर २०१९च्या २३व्या आठवड्यातला.

वायरिंगला हात घालायच्या आधी मल्टिमीटर वापरायला शीक. विश्रांतीनंतर भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत, आरपीएम वाढवल्यावर १३.८ ते १४.५. हेडलाइट लावून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा बल्बच्या प्लसवर ठेव. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधला स्विच, होल्डर किंवा एखादा सांधा व्होल्ट खातो आहे. हॅलोजन बल्बला एक व्होल्ट कमी मिळाला तर उजेड साधारण पाव भागाने घटतो, त्यामुळे मोठा बल्ब घालण्याआधी हे बघ. नव्या प्रत्येक फाट्याला फ्यूज हवा. वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळण्याची सवय स्वतःला लावून घेऊ नकोस.

चासी कापणं सध्या बाजूला ठेव. शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक ज्या जागी बसतं तिथे मागचा सगळा भार येतो. तिथे किंवा त्याच्या पुढे कापाकापी कधीच करायची नाही. त्याच्या मागचा भाग कापून लूप (मागची दोन टोकं जोडणारा वाकवलेला पाइप) लावता येतो, पण वेल्डिंग पारंगत माणसाकडूनच आणि बॅटरी, टाकी, इलेक्ट्रॉनिक भाग उतरवूनच. त्याआधीची तयारी मात्र तू आत्ताही करू शकतोस: शॉक काढ, तो जितका दबतो तितकं चाक वर उचल आणि टायर व नियोजित लूप यांच्यात किती जागा उरते ते मोज. सीट खाली आणायला लोक आखूड शॉक लावतात, पण त्याने चेनचा ढिलेपणाही बदलतो. मागचा ॲक्सल, स्विंगआर्मचा पिव्हट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते. त्या स्थितीतही तिला थोडी सैल जागा राहिली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढते.

काढलेला प्रत्येक मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून ठेव आणि विकू नकोस. बदल केल्यावरची पहिली चक्कर रिकाम्या जागेत, हेल्मेट आणि हातमोज्यांसह, चालण्याच्या वेगाने, ब्रेक दाबून बघत सुरू कर. निघण्याआधी हात लावलेल्या बोल्टांवर खुणा कर आणि परत आल्यावर त्या सरकल्या का ते बघ. नवे पॅड असतील तर ते बसेपर्यंत एकदम जोरात ब्रेक मारू नकोस.

आत्ता टॅपेटचा गॅप, चेनची स्थिती, कोन सेट, बॅटरीचे व्होल्ट आणि टायरची तारीख एवढं बघून वहीत उतरव. फोर्कचे पाइप टीच्या वर आज किती मिमी आहेत तेही मोज. हे आकडे आणि स्पार्क प्लगचा रंग कळव, म्हणजे क्लिप-ऑन तुझ्या गाडीला टीच्या खाली बसतील का आणि केबल किती लांबीची लागेल, ते नेमकं सांगता येईल.